स्वस्थ बसण्याचा संकल्प

३ जानेवारी

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद लिहिणार होते, पण ती आता माझ्यापेक्षा उंच झाली असतील, तेव्हा त्यांना नुसती आठवण सांग. तुझी तब्येत कशी आहे? माझं बरं आहे. खोली तीच, जिनाही तोच, फक्त पायऱ्या मधूनच कोणीतरी वाढवल्यासारख्या वाटतात.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं असशील. हरकत नाही. चार वर्षांनी लिहितेय, तेवढा हक्क तुझा आहे. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि एक सांगायची आहे. पण थेट मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? आधी इकडचं तिकडचं लिहिते.

चित्रशाळेतलं काम चालू आहे. हे एकोणिसावं वर्ष. लाकडी चौथऱ्यावर चढायचं, सर सांगतील तसं बसायचं किंवा उभं राहायचं, आणि समोरच्या वीस-बावीस मुलांचं चित्र काढून होईपर्यंत हलायचं नाही. अंगावर कपडे कधी असतात, कधी नसतात. त्याचं आता कोणालाच काही वाटत नाही. मला तर हीटर चालू आहे ना, एवढीच काळजी असते. आई म्हणायची ते आठवतं? "लहानपणी घटकाभर एका जागी टेकायची नाही म्हणून हिला खारू म्हटलं, आणि आता नुसतं टेकून बसायचा हिला पगार मिळतो." शेजारणींना मात्र ती मी तिथे शिकवते म्हणून ठोकून द्यायची.

आमच्या सरांची एक पद्धत आहे. नवीन वर्षाच्या पहिल्या तासाला प्रत्येकाने तीन संकल्प चिठ्ठीवर लिहायचे आणि आपल्या ड्रॉइंग बोर्डच्या पाठीला चिकटवायचे. चित्र काढणाऱ्याला ते वर्षभर दिसत नाहीत. दिसतात मला, कारण चौथऱ्यावरून मला सगळ्या बोर्डांच्या पाठीच दिसतात. बसल्या बसल्या मी तेच वाचत असते. रोज एक स्केच. बोटं नीट काढायला शिकणार. सिगरेट बंद. सिगरेट बंद मी किती वर्षं वाचतेय त्याला गणती नाही. यंदा एका मुलीने मलाही चिठ्ठी दिली. म्हणाली, मावशी, तुम्हीपण लिहा. मी हसण्यावारी नेणार होते, पण तिने पेनच हातात कोंबलं.

मी लिहिलं: चाळीस मिनिटांची बैठक न हलता पुरी करायची. यंदा आपलं एखादं चित्र बघायचं. ताईला पत्र लिहायचं.

पहिल्याचं कारण असं, की गेल्या सत्राच्या शेवटी सरांनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस आहे, शब्द तोलून बोलतो. म्हणाले, "मावशी, मुलं बोलत नाहीत, पण हल्ली तुम्ही हलता." मी थंडीवर ढकललं. ते म्हणाले, बरं, जानेवारीत बघू. आता जानेवारी आला. न हलणं सोडून मला दुसरं काही येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि तुलाही.

दुसऱ्याचं कारण म्हणजे मी माझी चित्रं कधी बघतच नाही. नव्या नवलाईत बघायची. मग नाक असं आणि पोट तसं म्हणून दोन दोन दिवस तोंड पाडून बसायची. तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी पडद्यामागे जाऊन गाऊन चढवते आणि पाणी पिते.

काल बैठक झाली. खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात मांडीवर. पावलांभोवती खडूने खुणा करून घेतल्या, म्हणजे सुट्टीनंतर पाय नेमके तिथेच ठेवता येतात. श्वाससुद्धा जपून घेतला. मला वाटलं, जमलं. त्या खुशीत खाली उतरले आणि दुसरा संकल्पही लगे हात उरकावा म्हणून बोर्डांच्या पुढच्या बाजूने फिरले.

बावीस चित्रं होती. चेहरा होता, खांदे होते, खुर्चीचे पाय होते. उजवा हात जवळजवळ कोणीच काढला नव्हता. कोणी मनगटाशी थांबलं होतं, कोणी खोडून खोडून कागद मळवला होता. त्या चिठ्ठीवाल्या मुलीने तेवढा काढला होता, पण एकावर एक असे पाच-सहा हात. मी म्हटलं, हे काय गं? ती खाली बघून म्हणाली, "मावशी, जसा दिसला तसा काढला."

हात काढायला अवघडच असतो म्हणा. सगळ्या मुलांचं तिथेच अडतं.

दमले. विचारायचं राहिलंच, ते उद्या लिहिते.

९ जानेवारी

उद्याला सहा दिवस लागले.

मध्ये डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, लांबलचक बोळातून चालवलं. मग म्हणाले, आता हात मांडीवर ठेवून नुसत्या बसा. बसले आणि हात सुरू झाला. पेन धरलं की थांबतो, कप उचलला की थांबतो, स्वस्थ बसलं की हलतो. ताई, मला हसूच फुटलं. एवढी दुखणी पडलीत जगात, आणि मला नेमकं हे यावं, जे कामात असताना गप्प राहतं आणि मी स्थिर बसले की जागं होतं. हसता हसता माझ्या डोळ्यांना धार लागली ती थांबेना.

घरात कोणाला कंपवात होता का, असं त्यांनी विचारलं. आईला, म्हटलं. सुरुवात कशी झाली त्यांची? किती वर्षांत कुठवर गेलं? मला सांगता आलं नाही. आई अकरा वर्षं आजारी होती आणि तिच्या पोटच्या मुलीला सांगता आलं नाही. मी म्हटलं, माझ्या बहिणीला माहीत आहे.

तर विचारायचं आहे ते हेच. हातानंतर काय जातं? आधी चालणं की बोलणं? तिची बटणं तू कधीपासून लावायला लागलीस? घास कधीपासून भरवलेस? हे तुला विचारायला मला तोंड नाही. पण तुझ्याशिवाय हे सांगणारं माणूसही नाही.

मी दोन दिवसांसाठी यायची आणि मोठी पोझ अर्धी आहे, मी नसले तर मुलांची चित्रं वाया जातील, असं सांगून पळ काढायची. पोझ अर्धी असायची हे खरं. पण मधे महिना महिना सुट्टीही असायची, ती मी कधी बोलले नाही. मला तो हात बघवत नव्हता. तू तो आपल्या दोन्ही हातांत धरून बसायचीस आणि मी खिडकीबाहेर बघत बसायची.

आता सांगायचं ते.

आई गेल्यावर तू मला दारात विचारलंस, "तिचं शेवटचं पत्र मी स्वतः पोस्टात टाकलं होतं, ते तुला मिळालं का?" मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "बाकीची बरी सगळी मिळतात तुला." आपलं शेवटचं बोलणं तेच.

मिळालं होतं, ताई. फोडलंही होतं. अक्षर इतकं बारीक, की पहिल्याच ओळीला माझे डोळे दुखले. त्याआधी एकदा मी तिला फोनवर थट्टेने म्हटलं होतं, आई, जरा मोठं लिही गं, कागद महाग झालाय का? मला खरंच वाटायचं की ती कंटाळा करते. सवडीने वाचू म्हणून मी ते बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. महिन्याभरात ती गेली. मग वाचायचा धीर झाला नाही.

परवा डॉक्टरांनी मला एकच ओळ दहा वेळा लिहायला लावली. दहावी ओळ पहिलीच्या निम्मी झाली होती. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. ते अक्षर मी ओळखत होते. घरी आले, मालकीणबाईंकडून भिंग मागून घेतलं आणि डबा काढला.

एकेक ओळ एकेका दिवशी लिहिल्यासारखी आहे. तिने स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. "खारू, दोन महिने सुट्टी काढून ये. मला काही नको. ताईची कंबर गेली आहे, ती कोणाला सांगत नाही. कित्येक वर्षांत ती सलग झोपलेली नाही. तू आलीस तर झोपेल. मी असं लिहिलंय ते तिला कळू देऊ नकोस."

ते पत्र सोबत पाठवते आहे. वर नाव माझं असलं तरी ते तुझ्यासाठी होतं. ते डब्यात पडून राहिलं आणि तू जागी राहिलीस. माफ कर असं इथे दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, डाग दिसेलच तुला.

सरांना मी काल खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, दोन दोन मिनिटांच्या पोझ देऊन बघू. मग बराच वेळ खडूचे तुकडे गोळा करत बसले. मला कळायचं ते कळलं. माझी चिठ्ठी मी चौथऱ्याच्या पायाला चिकटवली होती, ती येताना काढून आणली.

मी तुझ्याकडे राहायला येऊ का, असं विचारत नाहीये. एका माणसाने करायचं तेवढं तू कधीच करून बसली आहेस. फक्त पुढे काय काय होतं ते लिही, म्हणजे मला निदान माहीत असेल. नाही लिहिलंस तरी मी बोल लावणार नाही.

मघाशी पहिलं पान आणि हे पान शेजारी शेजारी धरून बघितलं. मोठं अक्षर काढायचं असं घोकूनच बसले होते, पण होत नाही गं. ताई, बारीक आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस.

तुझी
खारू