चिमणीच्या उंचीवरून

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, अगदी वाकून. (वाकल्यावर सरळ व्हायला वेळ लागतोय, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझी पाठ कशी आहे? इकडे आपली नात चिमणी ठणठणीत आहे, बाकीच्यांचं विचारू नकोस.

येत्या सोमवारपासून सूनबाई पुन्हा कामावर जाणार. दीड वर्षाची नात दिवसभर माझ्याकडे ठेवायची की पाळणाघरात, हे ती काल घर तपासून ठरवणार होती. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून जन्म काढलेल्या माणसाच्या घराची ही तपासणी, आणि तीही सुनेकडून. पण पाळणाघराचं नाव निघालं होतं, म्हणून लगेच कामाला लागलो.

सुऱ्या, काडेपेटी, फिनेल, माझी औषधं, सगळं माळ्यावर टाकलं. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या गादीचा स्पंज बांधला. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं फाटक बसवलं. आता रक्तदाबाची गोळी घ्यायची तर शिडी चढावी लागते, आणि शिडी चढली की रक्तदाब चढतो. फाटकाचा चाप मला उघडेना, म्हणून चहासाठी वरून टांग टाकायला गेलो आणि गुडघा धरून खाली बसलो. चिरंजीवांनी मला उचललं (हसत हसत, हे वळण आपल्याच घराण्याचं).

काल सूनबाईला कारखान्यातल्यासारखी फेरी घडवली, हात पाठीमागे बांधून, एकेक जागा दाखवत. तिने सगळं ऐकून घेतलं, ओढणी खोचली आणि सरळ रांगायलाच लागली. "बाबा, चिमणीला इथूनच घर दिसतं," म्हणाली. रांगत माझ्या पलंगाखाली गेली आणि बाहेर येऊन तिने मूठ उघडली. माझ्या कानातल्या यंत्राचा बारीक सेल होता. बदलताना हातून निसटला असणार, आणि यंत्र कानात नसल्यामुळे पडल्याचं ऐकू आलं नाही. असला सेल मुलाच्या घशात अडकला तर आतून भाजून काढतो. ताई, जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावरची हेल्मेटं तपासली, जमिनीकडे काही बघितलं नाही.

मीही तिच्या शेजारी ओणवा झालो. दोघांनी मिळून सगळं घर रांगून पाहिलं. एक टाचणी, एक बटण आणि माझीच कधीतरी घरंगळलेली गोळी सापडली. तेवढ्यात चिमणी माझ्या पाठीवर चढून बसली आणि मला काही उठता येईना. सूनबाई म्हणाली, "रोज सकाळी असं बघणार असाल, तर चिमणी तुमच्याकडेच." मी तसाच, घोड्याच्या अवस्थेत, हो म्हणून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं ते गुडघ्यामुळे, असं सगळ्यांना सांगितलंय.

तुझा (सध्या आडवा)
धाकटा

ता.क. डॉक्टरांनी मला खाली बसायला सक्त मनाई केली आहे. सूनबाईला अजून सांगितलेलं नाही. तुझी पाठ कुरकुरते, पण गुडघे अजून छान वळतात. तेव्हा सोमवारच्या आत माहेरपणाला ये. पलंगाखाली तू रांग, टॉर्च मी धरीन.

आणखी एक. त्या फाटकाचा चाप घरात एकट्या चिमणीलाच उघडतो. ती झोपलेली असताना पोचलीस, तर चहा ती उठल्यावर.