आईच्या कवळीची वाटी

शुक्रवार, दिवेलागण. तेलगाव.

आई जाऊन तीन महिने झाले, तिची कवळी अजून मोरीवरच्या स्टीलच्या वाटीत. आज सहज बोट बुडवलं, तर वाटी आतून बुळबुळीत.

सकाळीच अकरावीला शिकवलं होतं. जिवाणू आधी नुसते टेकतात, तेव्हा सुटूही शकतात. मग स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्यातच वस्ती करतात. पाणी बदलून तो निघत नाही, घासावंच लागतं.

घासणी उचलली, तर अण्णा मागून म्हणाले, "कावून घासतो रे? पाणी रोज बदलतो की मी."

रोज? मला कसं दिसलं नाही?

"बुळबुळीत झालीय, अण्णा."

"होऊ दे. तिचंच हाय ते."

उतरत्या उन्हात पाणी हललं, कवळीही हलली. आई आता काहीतरी बोलेल असं वाटलं. त्या थरात तिच्या तोंडातलेच काही जिवाणू असतील का, अजून जिवंत? असतीलही. वर्गात हे कधी सुचलं नव्हतं.

हात साबणाने धुतला, तरी लिहिताना बोटाला तो बुळबुळीतपणा जाणवतोच आहे.

घासणी जागेवर ठेवली. अण्णांच्या देखत पाणी तेवढं बदललं.