कथेतले गरीब

२० सप्टेंबर, शनिवार

इथल्या मराठी मंडळाच्या बालाजीरावांचा पुन्हा फोन. 'विद्यालक्ष्मीबाई, पंधराच मिनिटं! आपल्या कथांतली गरिबी आणि श्रीमंती.' शाळेतून निवृत्त झाले, पण भाषणांतून सुटका नाही. हो म्हणून बसले.

दिवसभर जुने कथासंग्रह चाळले. वीट आला! श्रीमंताला झोप नाही, गरिबाची भाकरी गोड. बंगल्यात अबोला, झोपडीत हसणं-खिदळणं. आणि लिहिणारे आपण कोण — पंख्याखाली बसलेले पेन्शनवाले. माझ्या दोन कथाही त्यातल्याच.

२१ सप्टेंबर

उद्या नवरात्र. बाहुल्या मांडायला कोलूच्या पायऱ्या लावताना कंबर गेली. बाहुल्या जड की मी म्हातारी?

खणांचे दोन ढीग केले, आई करायची तसेच. जाड खण मानाच्या बायकांना. पातळ कामवाल्यांना आणि नडलेल्या नातलगांना. एक जांभळा खण तीन वर्षं घरोघर फिरून परत माझ्याकडेच आलाय!

मावसबहीण हेमावतीचा पातळ ढिगात ठेवला. ते राहतात लांब गुम्मिडिपूंडीला, नवरा तिथल्या कारखान्यात, तोही कंत्राटावर. मुलीला, दिव्यश्रीला, इथे वेलचेरीत नोकरी लागलीय. उद्यापासून जायचं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं! पण गुम्मिडिपूंडीहून दोन गाड्या बदलायच्या, जाऊन-येऊन पाच-सहा तास. मी एकटी, मागची खोली रिकामी. म्हणजे पुस्तकं आहेत तिथे. विचारलं तर बघू.

२३ सप्टेंबर

उकाडा. भाषणाची एक ओळ सुचली नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हेमावती आली. कोलूपुढे गाणं म्हटलं, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, बराच वेळ बसली. लेकीचं सांगत होती — 'पहाटे पाचाला निघत्ये, अक्का. घरी येतां नऊ होतात. उभ्यानंच झोपत्ये गाडींत.' मी म्हणाले, हल्लीच्या मुली धीट असतात गं. तिनं आणखी थोडं सुंडल घेतलं. खोलीचा शब्द काढला नाही.

निघताना तांबुलाबरोबर जाड ढिगातला खण दिला. रेशमी! 'हा इतका कशाला, अक्का? आम्ही बरे आहों.' केवढा स्वाभिमान! भाषणाला शेवट मिळाला.

२८ सप्टेंबर, रविवार

भाषण झालं. नाव न घेता हेमावतीचीच गोष्ट सांगितली — खरा गरीब तोंड उघडून काही मागत नाही. टाळ्या! पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. बालाजीराव म्हणाले, 'हेच छापायला द्या.'

घरी येऊन आडवी झाले. जेवले नाही. दमले असेन.

२ ऑक्टोबर

कोलू उतरवला. लेख लिहायला बसले, दोनदा फाडला.

६ ऑक्टोबर, सोमवार

हेमावतीचा फोन. दिव्यश्री आज सकाळी फलाटावर चक्कर येऊन पडली. कपाळाला चार टाके. 'नोकरी सोडली, अक्का. आतां ठीक आहे.' आवाजात राग नव्हता. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं मला.

७ ऑक्टोबर

मी खोटं लिहिलं. इथेसुद्धा. दिव्यश्रीचा मेसेज १९ तारखेलाच आला होता — 'मावशी, सहा महिने तुमच्याकडे राहू का? भाडं देईन.' मी वाचला आणि गप्प बसले. हेमावती कोलूला आली ती माझं उत्तर ऐकायला.