पहाटेचा बिबट्या

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४
या सहलीची खरी किंमत. हॉटेल: शून्य, लेकीने बुक करून दिलं. गाडी: जावयाची. माझ्याकडून गेलं ते एवढंच: मोटर-दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या चाव्या (लेकीने ठेवून घेतल्या), टेस्टिंगच्या टेबलाजवळचं माझं स्टूल, आणि सोमवारी साडेदहाला कानाच्या डॉक्टरकडे जायचं कबूल केलं ते. म्हणजे चांगलंच महागात पडलं.

लेकीचं म्हणणं, मी पास केलेल्या पाच मोटरी परत आल्या, पाचही बेअरिंगं वाजत होती. गिऱ्हाइकांकडे व्होल्टेज धड नसतं, त्याला मी काय करू? एकतीस वर्षं मोटरीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, त्याच्या मुठीला कान लावून हा धंदा उभा केला. या कानातून खराब बेअरिंग आजवर सुटलेलं नाही.

बेत: चार दिवस आराम. सोमवारची अपॉइंटमेंट रद्द. मंगळवारी स्टुलावर.

खोली झकास. गादी जाड. एसी इतका भारी की चालू आहे हे कळतसुद्धा नाही. हिला तसं म्हणालो तर माझ्याकडे नुसती बघत राहिली. खिडकीतून किल्ला दिसतो. बघितला. विशेष काही वाटलं नाही.

संध्याकाळी ७
जंगलात जीपने दोन तास. धूळ, हरणं, आणि एक बिबट्या, तोही मागच्या सीटवाल्यांना दिसला. गाइड पुटपुट्या. मी पुढेच बसलो होतो म्हणून एवढं कळलं, की बिबट्या डरकाळी फोडत नाही, लाकडावर करवत चालवावी तसा आवाज काढतो. ही काहीतरी बोलली. हल्ली हीसुद्धा पुटपुटते. सगळेच पुटपुटतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे ५.५०
करवत! खिडकीच्या अगदी खाली. खर्रर्र, खर्रर्र. दहा मिनिटं. हिला हलवून उठवलं. काहीतरी पुटपुटून कूस बदलली. झोपेत असावी.

सकाळी ९
नाश्त्याला शेजारच्या खोलीतल्या रिटायर्ड मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला नाही बुवा ऐकू आला. मी म्हणालो, मास्तर, त्याला कान लागतो. मास्तरीणबाई हसल्या. मॅनेजरही हसला, पण तो सगळ्यालाच हसतो.

लेकीला फोन लावला. म्हटलं, जंगली जनावर काचेआडून ओळखलं, आता डॉक्टर कशाला? म्हणाली, बाबा, आणखी कोणी ऐकला का? म्हटलं, उद्या चारचौघांना ऐकवतो. त्यांनी बिबट्या म्हटलं तर चाव्या परत. मग म्हणाली, बरं. आणि नाही म्हटलं तर सोमवारी यायचं. कबूल केलं. माझं काय जातंय?

दुपारी २
किल्ला. एका दालनात गाइड या कोपऱ्यात भिंतीशी कागद चुरगाळतो, त्या कोपऱ्यात ऐकू येतं म्हणे. ही म्हणाली, अय्या, कानात चुरगाळल्यासारखं वाटतंय. मास्तरांनाही आलं. भिंतींची डागडुजी सिमेंटने केली आहे, मला लगेच लक्षात आलं. आवाज मारला जातो. गाइडला तसं बजावलं.
पायऱ्या पुष्कळ. वरून तलाव दिसतो. बघितला.

१४ फेब्रुवारी, शनिवार. पहाटे ५.२०
गच्चीवर. मास्तर, मास्तरीणबाई, आणखी दोन जोडपी, शाली पांघरून. ही मागे खुर्चीवर. थर्मासमधला चहा मी स्वतः ओतून दिला. सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आहे. लिहितोय तेही जपून.

सकाळी ७
बरोबर पाच-चाळीसला सुरू झाला. मी बोट वर केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी जंगलाकडे बघेना.

मास्तर म्हणाले, साहेब, तुमचा बिबट्या टाकी भरतोय वाटतं.

थर्मास घेऊन आलेला वेटर खाली गेला. बटण बंद केलं. बिबट्या थांबला.

मास्तरीणबाई चटकन म्हणाल्या, चहा मात्र छान होता हो. त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

खोलीत आल्यावर हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, काल पहाटे सांगितलं की, अहो, पंप आहे तो, झोपा. आणि सुरू होताना केवढी शीळ घालतो. दोन्ही दिवस घातली. तुम्हाला नाही आली ऐकू?

म्हटलं, शीळ कसली?

ती काही बोलली नाही. की बोलली आणि मला कळलं नाही, कोण जाणे.

दुपारी १२
मॅनेजरकडून पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतले. खर्रर्र होती ती सैल पाइपची, ती आवळली; मग पंपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ऐकलं आणि उघडला. बेअरिंग पार कोरडं, गोळ्यांवर खड्डे. असलं बेअरिंग दुसऱ्या गल्लीतून ओळखायचो. जीपवाल्याला पाठवून नवं आणवलं. बसवायला वीस मिनिटं लागली. हात ठीक आहेत.

बटण दाबलं. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मुठीला कान लावला. मग हिला बोलावून मूठ तिच्या कानाशी धरली. विचारलं, वाजतंय का?

नाही, म्हणाली. एकदम गुळगुळीत.

मी म्हणालो, मलाही तसंच वाटलं. उघडण्याआधीही तसंच वाटलं होतं, ते सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
घरी. लेक भेटून गेली. बिबट्याचं काही विचारलं नाही, आईकडून कळलं असणार. परत आलेल्या पाच मोटरी तिने टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या आहेत म्हणे, मला हव्या तर बघायला. म्हटलं, नको. मी चाव्याही मागितल्या नाहीत.

अपॉइंटमेंट सकाळी साडेदहाची. ही बरोबर येणार आहे. डॉक्टर काय म्हणतात ते तिला ऐकू येईल.