टेक्सस की वॅकी

१४ एप्रिल, रविवार

आज पुन्हा एक मासा मेला. एरवी आम्ही पकडलेला मासा जिवंत सोडून देतो. हा गळाला कधी लागला ते रॉयसला कळलंच नाही! केमोनंतर त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. डॉक्टर म्हणतात, संवेदना येईल परत. कधी, ते सांगत नाहीत. मी ओरडले, "अरे ओढ, दोरा चालला बघ तिकडे!" तोवर माशाने आमिषाचं रबरी गांडूळ गळासकट पोटात घातलं होतं.

मग नवरोबा बोटीच्या कडेला वाकून तो मासा शुद्धीवर यावा म्हणून त्याला पाण्यात धरून मागे-पुढे हलवत राहिले. मासा उलटाच. "सोड आता," म्हटलं. "थांब गं जरा," म्हणाला. बराच वेळ थांबलो.

घरी आल्यावर बोट मी धुतली. ट्रेलर मी लावला. त्याच्या शर्टाची बटणंही मीच काढली. थकले.

१५ एप्रिल, सोमवार

शनिवारी मासेमारी क्लबची जोडप्यांची स्पर्धा. नवरा-बायको दोघंही बोटीत हवीत, नाहीतर नाव बाद.

खरं सांगू? मला या धरणाचा, या बास माशांचा, पहाटे उठून डबे भरण्याचा वीट आलाय. रॉयससाठी जाते, बस्स. ठरवलंय — शनिवारी त्याच्या स्वतःच्या हाताने एक मासा लागू दे. एकच! मग सांगणार, पुरे झालं, बोट विकू. त्याआधी सांगितलं तर त्याला वाटेल, हात गेले म्हणून विकायला निघाली. ते नको.

१७ एप्रिल, बुधवार

भांडण. कशावरून, तर गांडूळ कसं बांधायचं यावरून! टेक्सस की वॅकी.

टेक्सस म्हणजे पुढे शिशाची गोळी आणि गळाचं टोक रबराच्या पोटात दडवलेलं. धरणात बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकत नाही, हे खरं. पण तळाशी मासा 'टक्' करतो ते बोटांना कळावं लागतं. त्याच्या बोटांना कॉफीचा मग गरम आहे हेसुद्धा कळत नाही! वॅकीत गळ गांडुळाच्या मधोमध खुपसायचा, दोन्ही टोकं लोंबती. शिसं नाही. सावकाश बुडतं. नुसतं दोऱ्याकडे बघायचं, तो सरकला की ओढायचं. डोळे तर शाबूत आहेत ना!

"बघत बसायचं? टीव्ही आहे का तो?" म्हणे.

"मग बस रविवारसारखे मासे मारत."

नको होतं बोलायला. उठून अंगणात गेला. कुत्र्याशी बोलत बसला.

१८ एप्रिल, गुरुवार

डबच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात गेले. क्लबचा अध्यक्षही तोच. वॅकीचे छोटे गळ मागितले, तर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "कोणाला, रॉयसला? अगं नेल्डा, जन्मभर टेक्सस टाकणारा माणूस तो! त्यापेक्षा त्याला चर्चमध्ये बायकांबरोबर गायला बसव!" दुकानभर हशा.

पैसे देताना मात्र हळूच म्हणाला, "कसा आहे गं तो?"

"बरा आहे."

गांडुळाला लावायची लसणाच्या वासाची बाटली त्याने फुकट दिली. ती गाडीत सांडली. उद्या लसणात बसून जायचं आता.

१९ एप्रिल, शुक्रवार

सराव. आदल्या दिवशी गळाचं टोक पक्कडीने तोडून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. मासा कुठे चावतो ते समजतं, त्याला इजा होत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच पुन्हा चावतो. दोघांचे गळ मीच बांधले, मीच तोडले.

रॉयस किती दिवसांनी खुशीत होता! मला एका बुंध्यापाशी चावा कळला, तर म्हणतो, "कसं वाटलं? सांग ना."

"मऊ. कोणीतरी ओला रुमाल ओढल्यासारखं."

डोळे मिटून ऐकत होता. मला बघवेना.

येताना म्हणाला, "उद्या माझं मी बांधणार."

"वॅकी?"

"बघू."

२० एप्रिल, शनिवार

चौथे आलो. पाच माशांचं एकूण वजन धरतात, आमचे चारच. पाचवा असता तर पहिले!! चारही माझे, वॅकीवर.

रॉयसने पाठ फिरवून स्वतः बांधलं. त्या एका गाठीला किती वेळ! मी हात पुढे केला नाही. पाण्यात टाकलं तेव्हा पाहिलं — टेक्ससच. हट्टी मेला! दिवसभर टाकत होता, ओढत होता, एक नाही. वर गाणं गुणगुणत होता.

"नेल्डा, त्या तिसऱ्या बुंध्याच्या सावलीत टाक," म्हणाला. टाकलं. सगळ्यात मोठा तिथेच लागला. मी किंचाळलेच! तो टोपी हातात घेऊन हसत होता.

परतताना माझा तोल गेला. "तुझ्या हट्टापायी गेलं सगळं. एक तरी लागला असता, रॉयस! एक!"

"चालायचंच," म्हणाला.

बोटीचं बोललेच नाही. कुठल्या तोंडाने बोलू?

२१ एप्रिल, रविवार

चर्चला दांडी. गळाच्या काठ्या पुसायला घेतल्या. त्याच्या दोऱ्याची गाठ वेडीवाकडी, त्याचीच. गांडूळ मागे सरकवलं. आत दडवलेल्या गळाला टोकच नव्हतं! पक्कडीने साफ तोडलेलं.

तशीच काठी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आणखी मारायचे नव्हते गं मला," म्हणाला.

"मग आलास कशाला दिवसभर?"

"दोघं लागतात ना बोटीत. तुला एवढं आवडतं... नाहीतर मी केव्हाच विकली असती."

काठी भिंतीला टेकवून ठेवली. कालची माझी किंचाळी आठवली.