गावाच्या हिशेबानं मी कॅनडात

वस्तीवरून, अंथुर्णे

कन्हेरीचे आमचे मेहुणे महिपतराव यांस जोतीरामचा रामराम. तुमचा गुडघा काय म्हणतोय? बर्फाचा कारखाना जोरात असंल. मी खुशाल हाय. फोनच केला असता, पण गावाच्या हिशेबानं मी कॅनडात हाय.

तुमच्या भाचीच्या, म्हंजी आमच्या पोरीच्या, संस्कृतीच्या बाळंतपणाला कॅनडात जायचं म्हणून पासपोर्ट काढला आन मी हरखून गेलो. मंडळाच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला (माझ्यामागं विमान, विमानामागं आपला ट्रॅक्टर, तो कशाला, ते कुणी विचारलं न्हाय). नेमकं सत्काराच्या दिवशीच तुमची बहीण म्हणाली, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला चला. म्हटलं, दगडाबाई, सरकारनं सोनेरी सिंहाचं पुस्तक दिलंय, आता आणि ठसे कशाला? तू जा. ती गेली. मी शाल, नारळ आन फेटा घेतला. नंतर पोरीनं दोनदा विचारलं, आबा, ठसे दिले का? म्हटलं, सगळं झालंय.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं आन म्हणाली, "काका, व्हिसा?" मी सत्काराचा फोटो दाखवला. तितं उभ्या उभ्या उजेड पडला. पासपोर्ट म्हणजे आपण साखर कारखान्याचे सभासद, आन व्हिसा म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी. सभासद हाय म्हणून टोळी लगेच आपल्या फडात येती व्हय? पुस्तक आपल्या सरकारचं, पण आत घ्यायचं का न्हाय ते त्यांचं सरकार ठरवणार. जी बाई एकटी बारामतीला जायला कुरकुर करती, ती हात हलवून आत गेली. मला रडूच आलं, महिपतराव. नातवंड पहिल्यांदा मी उचलणार होतो.

आता गावात कुठलं तोंड दाखवू? गुपचूप वस्तीवर येऊन दार लावून बसलोय.

तुमचा,
जोतीराम

ता. क. : व्हिसा मिळंपर्यंत तुमच्या बर्फाच्या कारखान्यात ठेवून घ्या. स्वेटर हाय माझ्याकडं. लादीवर बसून एखादा फोटो काढू आन गावच्या ग्रुपवर टाकू.

पुन्हा ता. क. : आत्ताच दगडाबाईचा व्हिडिओ कॉल आला. नात झाली! नाक थेट माझं. पळत स्टँडवर गेलो, पेढे घेतले आन दिसंल त्याला वाटले. दत्तोबानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "आबा, तुमी कॅनडातनं कधी आलासा?" तवा मला आठवलं. तर आता फोटो राहू द्या, ठसे द्यायला तेवढं माझ्यासंगं पुण्याला चला. छकुली रांगायच्या आत पोचायचं हाय. फ्लेक्स अजून काढलेला न्हाय, नुसती तारीख बदलायची.