शेखच्या गोष्टीतली बहीण

लानेल्ली,
१४ नोव्हेंबर २०००

आयर्वेनताईंना मिफ्ताहचा सलाम.

तुमची प्रकृती बरी असेल. ॲबरिस्टविथला समुद्राचा वारा आता झोंबत असेल. इथे छप्पर गळत होतं, ते दुरुस्त करून घेतलं. मागच्या झाडाला यंदा सफरचंदं भरपूर लागली, पण काढायची राहिली. खाली नुसता सडा पडलाय.

फोनच करणार होतो. माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून द्याल, असं वाटलं.

ग्लेनिसला उन्हाळ्यात कावीळ झाली. मूळ स्वादुपिंडातल्या कॅन्सरमध्ये निघालं. मी स्वतः डॉक्टर. स्कॅनची फिल्म पाहिल्यावर मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. ती इतकी वर्षं जिथे नर्स होती, त्याच वॉर्डात तिला खाट मिळाली.

तिथे मी तिला ती पुस्तकं वाचून दाखवायचो. हो, तीच. वाळवंटातलं इस्पितळ, साधीसुधी नर्स आणि शेवटी शेख निघणारा देखणा सर्जन. असल्या पुस्तकांनीच हिचं डोकं फिरवलंय, असं तुम्ही आमच्या लग्नाच्या वेळी म्हणाला होतात. खरं सांगू? तोवर तिने त्यातलं एकही वाचलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, म्हणून तिने पहिलं विकत आणलं. मग नादच लागला.

"याच्याकडे महाल आहे, पांढरा घोडा आहे," ती मला चिडवायची. "तुझ्याकडे काय आहे रे?"

"आमच्या गावी, सबहाला, वडिलांचा कांद्याचा ट्रक आहे."

आमच्याकडे शेख म्हणजे दाढी पिकलेला, गुडघे धरून उठणारा म्हातारा, हे तिला कधी पटलंच नाही.

माझ्या उच्चारांत शेखचे संवाद ऐकायला शेजारच्या खाटेवरच्या बेननबाई खुर्ची ओढून बसायच्या. एकदा मी वाचता वाचता थांबलो.

"वादळात, तंबूत, कंदिलाच्या उजेडात हा हृदयाचं ऑपरेशन करतोय?"

"तू गप वाच," ग्लेनिस म्हणाली. "पेशंट जगतो की नाही?"

"जगतो."

"मग झालं तर."

गेल्या आठवड्यात तिने मधेच विचारलं, "या नर्सना बहीण का नसते रे? बघावं ती अनाथ."

"लिहिणारीला सोपं जात असेल."

"हिला एक बहीण दे."

मग मी पुस्तक मिटलं आणि मनाने रचून सांगू लागलो. थोरली बहीण, शाळेत शिकवणारी. धाकटीचं लग्न ठरल्याचं कळताच निघते. ग्लेनिस मला दुरुस्त करत होती. "ती लगेच हसत नाही हं. आधी म्हणेल, या उन्हात माणसं राहतात तरी कशी! मग विचारेल, चहा आहे का."

"दोघी भांडलेल्या असतात का गं?" बेननबाईंनी विचारलं.

ग्लेनिस खिडकीकडे वळली. "असतात. पण ती येते." मग थकली. "आज विमानातच असू दे तिला. उद्या उतरव."

ती उठलीच नाही त्यानंतर नीट. रविवारी सकाळी गेली. मी शेजारी होतो. शेवटी त्रास झाला नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय, समजूत घालायला नाही.

आधी का कळवलं नाही, असं तुम्ही विचाराल. तिने मला शपथ घातली होती. "आजारी आहे म्हणून आलेली मला नको. यावंसं वाटलं म्हणून आलेली हवी." मी शपथ पाळली. बरोबर केलं की नाही, मला कळत नाही.

शुक्रवारी अकराला, चॅपलमागे, तुमच्या आईशेजारी तिला ठेवायचंय. स्तोत्रं वेल्शमध्ये म्हणतील. मला ती येत नाहीत, आणि ती म्हणणारं तिच्या घरचं दुसरं कुणी नाही. पुढच्या बाकावर एक जागा मोकळी ठेवतो. माझ्याशी बोलायलाच हवं, असं नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा,
मिफ्ताह